लिंक्डइनचं चूलबंद आवतन

लिंक्डइनवर त्या आठवड्यात माझं प्रोफाइल तीन जणांनी पाहिलं होतं. त्यातली एक मीच; आपण बाहेरून कशा दिसतो ते बघायला आईच्या फोनवर तिच्या नावानं खातं काढलं होतं. दुसरा रिसोडचा विमा एजंट, जो जिवंत असलेल्या कुणाचंही प्रोफाइल बघतो. तिसरा हिंगोलीकडचा एक लांबचा नातेवाईक. त्याच्या मेव्हण्यासाठी मुली बघणं चालू होतं, आणि हल्ली लोक घरी यायच्या आधी असं चोरून बघून जातात. बरंच आहे म्हणा, आपले पोहे वाचतात.

मी वैजयंती. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या अलीकडं फाट्यावरून आत आमचं गाव आणि गावाला लागून आमचा भाजीचा मळा. वांगी, टमाटे, मेथी, सांभार. सांभाराला बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो, तो त्याचा प्रश्न. अकोल्याला शेती व्यवसायात एमबीए केलं, तिथंच एका खताच्या कंपनीत दोन वर्षं नोकरी केली आणि स्कूटीवर चार तालुके पालथे घातले. मग कंपनीनं अकोल्याची शाखा बंद केली आणि मी गादी-पेटीसकट परत आले. तेव्हापासून वर्षभर मी आईसोबत, म्हणजे प्रयागबाईसोबत, सांभाराच्या जुड्या बांधत होते. जुड्या बांधण्यात कमीपणा काहीच नाही. पण रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून "घरीच का व अजून?" असं विचारायला लागला की सुतळी जरा जास्तच आवळली जाते.

अशात पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात दिसली. शेतकऱ्यांकडून थेट हळद आणि चिया घेऊन परदेशात पाठवणारी कंपनी. वाशिम-हिंगोली भागात शेतकऱ्यांशी संपर्क ठेवणारं माणूस त्यांना हवं होतं. जाहिरात वाचताना मला वाटलं, ही कुणीतरी मलाच समोर बसवून लिहिली आहे. मला ती नोकरी पाहिजेच होती. इतकी, की मारुतीला नवसही बोलले नाही, कारण आमच्या मारुतीपुढं बोललेलं दुपारपर्यंत गावभर होतं.

अर्ज केला. फोन आला. पलीकडं समीक्षा मॅडम होत्या. निवडीचं सगळं त्यांच्याच हातात होतं. त्या गोड बोलल्या, अनुभव चांगला आहे म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "पण वैजयंती, तुमची व्हिजिबिलिटी फारच कमी आहे. आमचे परदेशी ग्राहक माणूस आधी लिंक्डइनवर बघतात. तुम्ही तिथं जवळपास नाहीच आहात. महिनाभर यावर काम करा. ॲनॅलिटिक्स बघत चला. तोवर मी तुमची फाइल बंद करत नाही."

मी फोन ठेवला आणि वांग्याच्या वाफ्यात जाऊन मनसोक्त शिव्या दिल्या. ज्या बाईला पंचवीस-तीस गावांतले शेतकरी कुत्र्याच्या भुंकण्याआधी ओळखतात, तिची व्हिजिबिलिटी कमी! पण रागानं नोकरी मिळत नसते. संध्याकाळी मी प्रीमियमचा एक महिना फुकट घेतला आणि आकडे वाचायला बसले.

आकडे वाचणं मला आवडतं, हे कबूल करते. पोस्ट किती जणांच्या डोळ्यांसमोरून गेली, किती जणांनी थांबून वाचली, ते कुठले, त्यांचं पद काय, कोणत्या शब्दानं शोधत माझ्यापर्यंत आले, सगळं तिथं दिसतं. पहिल्या दोन दिवसांत कळलं की माझ्या नावाखाली 'योग्य संधीच्या शोधात' असं लिहिलंय, आणि त्या शब्दांनी जगात कुणीच काही शोधत नाही. ते काढून 'हळद आणि चिया खरेदी, शेतकरी संपर्क, वाशिम-हिंगोली' असं केलं. शोधात दिसायला लागले. मग कळलं की 'नेतृत्वाचे सात धडे' ही माझी घाम गाळून लिहिलेली पोस्ट अकरा लोकांपर्यंत गेली, आणि सडलेल्या हळदीचा कंद हातात धरून काढलेला फोटो, खाली तीन ओळी, तो चारशेंपर्यंत गेला. नेतृत्वाचे उरलेले धडे मी तिथंच सोडले. मंगळवारी सकाळी पोस्ट टाकली की पुण्याचे लोक चहा पिता पिता बघतात, रविवारी कुणी ढुंकून बघत नाही, हेही कळलं. तिनाचे तीस झाले. त्या तिसांत दोन जण हळदीच्या निर्यातीतले होते, एक तर थेट सांगलीचा.

आता आमच्या घरात एक अडचण होती. तिचं नाव नानाजी, म्हणजे माझे बाबा. बाबांना रोज सकाळी मंडईतला भाव विचारायची सवय. त्यांनी माझ्या आकड्यांनाही भाव समजून टाकलं. दात घासता घासता विचारायचे, "आज काय निंगालं?"

"तीस, बाबा," मी त्या दिवशी फुशारकीनं सांगितलं.

बाबांनी तोंडातलं पाणी थुंकलं. "तीस? एवढे लोकं तं आपल्या वांग्यायले पाह्यतात बजारात. काहून येत नाहीत लोकं?"

"अल्गोरिदम असते बाबा. ते ठरवते, कोनाले काय दाखवाचं."

"म्हंजे सरपंच."

"तसंच समजा."

"मंग त्याले भेटून येऊ ना. आपुन काय वैर केलं त्याचं?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. बाबा ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की प्रश्न आकड्यांचा राहिलेला नाही. लेकीनं मांडव टाकला आहे आणि माणूस फिरकत नाही, एवढंच त्यांना कळलं होतं. आमच्याकडं याच्याइतकी मोठी नाचक्की नाही.

"तू मांडव टाकला, सैपाक केला," बाबा म्हणाले. "आवतन कोनाले देल्लं?"

"तिथं आवतन नसते द्याचं, बाबा."

"देल्लं का नाही, ते सांग."

"नाही."

"मंग लोकं येतीन कसे? वासावर?"

आणि संध्याकाळी टोपी घालून बाहेर पडले. मला वाटलं, चहा प्यायला गेले असतील.

आवतन म्हणजे जेवणाचं निमंत्रण, आणि ते दोन तऱ्हेचं असतं. एक माणशी, म्हणजे घरटी एक जण येतो. दुसरं चूलबंद. चूलबंद आवतन दिलं की त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत सगळ्यांनी यजमानाकडं जेवायचं. ते दारोदार जाऊन, उंबऱ्याबाहेर उभं राहून, तोंडानंच द्यावं लागतं. आणि घेतलेलं आवतन मोडणं म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं बोलणं बंद. बाबांनी त्या संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं, "वैजूचं लिंकडिनवर हाय. चूलबंद आवतन हाय. सगळ्यायनं या."

कशाचं काय, कुणी विचारलं नाही. आवतनाला कारण विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वीरेंद्रच्या मोबाईलच्या दुकानापुढं ही रांग. वीरेंद्र गावातला एकमेव माणूस ज्याला सगळ्यांचे पासवर्ड माहीत आहेत, सगळ्यांचा एकच असल्यामुळं. तो खाती काढायला बसला. फोटो पाहिजे म्हटल्यावर सगळे पुंजाजी काकांच्या अंगणात गेले. पुंजाजी काका म्हणजे गावातला मोठा शेतकरी आणि मोठा आवाज. त्यांनी नुकताच लाल ट्रॅक्टर आणला होता, हार अजून बोनेटवरच होता. एकेकानं ट्रॅक्टरपुढं उभं राहून फोटो काढून घेतला. मग खात्यात पद लिहायची जागा आली.

"पद काय टाकू, काका?" वीरेंद्रनं विचारलं.

"मालक," पुंजाजी काका म्हणाले.

झालं. त्यांच्यामागचा माणूस कशाला कमी टाकेल? तीन एकरवाला मदनसिंग मालक. दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणारा मालक. पापड लाटणाऱ्या गोमतीबाई मालकीण. जगदेव आबा, ज्यांचं वय त्यांनाही माहीत नाही आणि जे दिवसातला बराच वेळ झोपलेले असतात, तेही मालक. बाबा शेवटी गेले. यजमान पाहुण्यांच्या बरोबरीचा कसा असेल, म्हणून त्यांनी 'संचालक' लिहून घेतलं. एकदा आत गेल्यावर सगळे एकमेकांनाही जोडले गेले, कारण मांडवात आल्यावर शेजाऱ्याला रामराम न करणं बरं दिसत नाही.

पुढच्या दहा-बारा दिवसांत दोनशेहून जास्त माणसं माझ्या प्रोफाइलला जोडली गेली. आणि ती पंगतीसारखी वागली. पंगतीत एकट्यानं हात घालायचा नसतो. सगळ्यांना वाढून होतं, यजमान "हं, होऊ द्या" म्हणतो, मग सगळे एकदम सुरू करतात. मी पोस्ट टाकली की संध्याकाळच्या आरतीनंतर सगळे मारुतीच्या पारावर फोन काढून बसायचे. बाबा बघायचे, सगळ्यांचं उघडलं का. मग म्हणायचे, "हं, होऊ द्या." आणि दोनशे अंगठे एकदम पडायचे.

कमेंटही पंगतीसारखीच. पहिल्या दिवशी पुंजाजी काकांनी फ्लेक्सवर लिहितात तसं लिहिलं, 'अभिनंदन! पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.' ते शुद्ध आणि भारदस्त वाटल्यामुळं बाकीच्यांनी तेच उचलून चिकटवलं. मी लिहिलं होतं, कंदकुजीमुळं यंदा आमच्या भागातली कितीतरी हळद जमिनीतच गेली. खाली दोनशे वेळा अभिनंदन.

हे सगळं बघून मला राग यायला हवा होता. आला नाही. खरं सांगते, मी हुरळून गेले. आलेखाची जी रेघ इतके दिवस बांधासारखी आडवी पडली होती, ती एकदम बाभळीसारखी उभी झाली. पोस्ट हजारांवर जायला लागल्या. मी सकाळी उठले की आधी फोन बघायचे, मग तोंड धुवायचे. बाबांना आकडा सांगितला की ते अंगणात जाऊन उगाच खाकरायचे, शेजाऱ्यांना कळावं म्हणून. आई म्हणाली, "आता तं लागते पोट्टीले नोकरी." मलाही तसंच वाटलं.

खोलात गेल्यावर जे दिसत होतं, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. बघणारे कुठले? वाशिम जिल्हा. पद? मालक. सांगलीचा हळदवाला कधीच दिसेनासा झाला होता. माझ्या पोस्ट आता फिरून फिरून आमच्याच पारावर येऊन बसत होत्या.

महिना संपायला आला तेव्हा, शनिवारी, समीक्षा मॅडमचा फोन आला. आवाजात गोडवा नव्हता.

"वैजयंती, किती पैसे दिले?"

"कशाचे, मॅडम?"

"लाइकचे. रोज संध्याकाळी एकाच मिनिटाला दोनशे. सगळ्यांचं पद एक. कमेंट अक्षर न अक्षर तीच. आणि फसवणाऱ्यानं निदान फोटो तरी वेगवेगळे घ्यावेत. सगळ्यांच्या मागं एकच ट्रॅक्टर आहे!"

"मॅडम, ती खरी माणसं आहेत."

"असं सगळेच म्हणतात."

"माझ्या गावची आहेत. मी आत्ता गोमतीबाईंना फोन देते, बोला."

"नको," त्या म्हणाल्या. "हे बघा, मी अजून वर काही सांगितलेलं नाही. तुमच्या सुरुवातीच्या पोस्ट चांगल्या होत्या, म्हणून. सोमवारपर्यंत हे सगळं काढून टाका, मला नव्या आकड्यांचा स्क्रीनशॉट पाठवा. नाहीतर फाइल बंद."

रविवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले, आई मळ्यात होती, आणि मी फोन घेऊन मागच्या ओसरीवर बसले. एखाद्याला आपल्या यादीतून काढून टाकलं तर त्याला कळवलं जात नाही. मी ते दोनदा वाचून खात्री केली. कुणाला कळणार नाही. नोकरी लागेल. मग सावकाश पुन्हा जोडून घेता येईल. माझ्याकडं समर्थनांची काही कमी नव्हती.

पहिले पुंजाजी काका. अकोल्याच्या होस्टेलला माझी गादी-पेटी त्यांच्याच टेम्पोनं गेली होती, डिझेलचं नाव काढू दिलं नव्हतं. काढून टाकलं. मग गोमतीबाई. मग मदनसिंग. प्रत्येक वेळी तो ट्रॅक्टर आणि तो हार, आणि पुढं एक माणूस छाती काढून उभं. आमच्याकडं जेवत्या माणसाला पानावरून उठवणं याच्याइतकं नीच काम नाही, आणि मी ते फोनवर, अंगठ्यानं, एकापाठोपाठ एक करत होते. चाळीसेक झाले आणि मला पुढं करवेना. मला स्वतःची किळस आली. फोन गोधडीखाली कोंबला आणि भांडी घासायला गेले, घासलेलीच.

सोमवारी सकाळी अंगणात आवाज आला म्हणून बाहेर आले, तर चाळीसेक माणसं उभी. पुरुषांच्या खांद्यावर पंचे. बायांनी डोक्यावरून पदर घेतलेले. कुणी जोरात बोलत नव्हतं. गोमतीबाईंनी मला बघितलं आणि येऊन गळ्यातच पडल्या.

"काय झालं, मावशी?"

"तूच सांग व माय. कोन गेलं?"

मला काही उमजेना. पुंजाजी काका पुढं झाले. काका आवाज खाली घेऊन बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"माह्यात दोनशे बारा माणूस होतं," ते म्हणाले. "काल संध्याकाळी पाह्यलं तं दोनशे अकरा. म्या म्हनलं, मशीन हाय, चुकलं असन. पारावर मदनसिंगले इचारलं, तं त्याचं बी एक कमी. गोमतीचं बी एक कमी. अशे चाळीसेक निंगाले, सगळ्यायचं एकच कमी. म्हंजे सगळ्यायतून एकच माणूस गेलं ना? घरोघर पाहून आलो. जगदेव आबाले दोन डाव हालवून उठोलं, तो शिव्या देऊन राह्यला. गावात तं सगळे हायेत. मंग कोन गेलं? तुले त्याच्यातलं समजते, म्हून आलो."

आकडे बघायची चटक मीच त्यांना लावली होती. आणि ज्या लोकांना आपल्या कळपातली एक शेळी कमी झालेली अंधारातही कळते, त्यांना एक माणूस कमी झालेलं कळणार नाही असं मी धरून चालले होते. रात्रभर ही माणसं मयत शोधत फिरली होती. वीरेंद्र कडेला उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "ताई, लाकडं आनाले टॅक्टर लागन का?"

बाबा माझ्याकडं बघत होते. त्यांना कळलं असावं. बापाला कळतं.

"कोनी गेलं नाही, काका," मी म्हणाले. "मीच काढलं तुमाले. चाळीस लोकायले. काल दुपारी."

मला वाटलं होतं, पुंजाजी काका कडाडतील. मी त्यासाठी मान खाली घालून तयारही होते.

"म्हंजे मयत नाही?" काकांनी विचारलं.

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं, काका."

"मंग च्या ठेव ना व! सकाळपासून कोनाच्या पोटात काही नाही."

आणि खांद्यावरचा पंचा झटकून ओट्यावर बसले. सगळेच बसले. बायांनी पदर खाली घेतले. गोमतीबाई डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. मी आत जाऊन मोठ्या गंजात चहा ठेवला आणि चुलीपुढं भडाभडा रडले. आई नुसती साखर टाकत राहिली.

चहा झाल्यावर काकांनी कारण विचारलं. मी सांगितलं. पुण्याची कंपनी म्हणते ही खरी माणसं नाहीत, बनावट आहेत, विकत घेतलेली आहेत. यावर मात्र अंगण पेटलं. मदनसिंगनं कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गोमतीबाई म्हणाल्या, "मी खोटी? मंग माह्या डोयातला मोतीबिंदू बी खोटाच असन! सांग म्हना त्या बाईले, घेऊन जाय." जगदेव आबा काठी टेकत उशिरा पोचले, त्यांना कुणीतरी सांगितलं की पुण्याच्या मते तुम्ही नाहीतच. "ते तं माह्यी सून बी म्हनते," आबा म्हणाले आणि चहा मागितला.

"नोकरी मोठी हाय का?" पुंजाजी काकांनी मला विचारलं.

"मले पाहिजे, काका," मी म्हणाले. "लई पाहिजे. पन आता मी कोनाले काढत नाही. जाऊ द्या तिले."

"काहून जाऊ द्याची?" काका म्हणाले. "पंगतीत पाव्हने बसाचे रायले अन् जागा नसली, तं काय करतो आपुन? घरचे लोकं उठतात. पाव्हन्यायले बसू देतात. तू कोनाले उठवू नोको. आमी उठतो. दाव, कुठी दाबाचं."

मी नको म्हणाले, भांडले, काकांचा फोन हातातून ओढला. काकांनी तो परत घेतला. मग मी दाखवलं. आधी माझं नाव शोधायचं, माझं प्रोफाइल उघडायचं, वर तीन टिंबं आहेत ती दाबायची, मग खाली 'काढून टाका'. ज्यांना मी आधीच काढलं होतं तेही दुसऱ्यांना शिकवायला लागले. ज्यांच्याकडं रेंज नव्हती ते आमच्या गच्चीवर चढले. वावरात गेलेल्यांना निरोप गेले, ते विळा-खुरपी घेऊन परत आले. आणि प्रत्येक जण दाबायच्या आधी एकदा माझा फोटो बघत होता, असं मला दिसत होतं. काही जणांनी सगळ्या पोस्टही खालपर्यंत बघितल्या. एकानं काढायच्या आधी शेवटचं अभिनंदनही चिकटवलं. दुपार व्हायच्या आत पंगत उठली.

बाबा राहिले होते. फोन हातात धरून दारात उभे होते.

"मी बी?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"तूच दाब. मले दिसत नाही नीट." बाबांची नजर घारीसारखी आहे. मी त्यांच्या हातातला फोन घेतला आणि दाबलं. त्यांनी वळून बघितलं नाही, सरळ मळ्यात गेले आणि भर उन्हात वांग्यांना पाणी देत बसले, जे कुणीच देत नाही.

संध्याकाळी मी समीक्षा मॅडमना स्क्रीनशॉट पाठवला. पाचच मिनिटांत त्यांचा फोन. आवाज एकदम पहिल्यासारखा गोड.

"वा, वैजयंती! नेटवर्क अगदी स्वच्छ. पण मला सांगा, आज एका दिवसात तुमच्या प्रोफाइलवर एवढे व्ह्यूज कसे आले? नुसते उघडून गेले नाहीत, थांबून वाचलंय लोकांनी. हे खरे व्ह्यूज दिसताहेत. आमच्या टीमला कधी जमलं नाही हे. काय केलंत?"

मला खोटं सांगता आलं असतं. मंगळवार सकाळ, पहिली ओळ, योग्य शब्द, असं काहीतरी. पण दिवसभराचा राग अजून गेला नव्हता.

"काढून टाकायच्या आधी प्रोफाइल उघडावं लागतं, मॅडम," मी म्हणाले. "ते सगळे मला काढायला आले होते. ज्यांना तुम्ही खोटे म्हणालात, ज्यांना माझ्या बाबांनी एका संध्याकाळी घरोघर जाऊन बोलावलं होतं, तेच. मला नोकरी मिळावी म्हणून आपल्या हातानं काढून गेले. जगदेव आबांना तर दोन माणसांनी धरून गच्चीवर नेलं."

मला वाटलं, आता कापतील फोन. गेली नोकरी. जाऊ दे.

"हे सगळे शेतकरी आहेत?" मॅडमनी विचारलं.

"नाहीतर काय?"

"हळद लावणारे?"

"निम्मे हळदवाले. यंदा चियाही आहे बऱ्याच जणांकडं."

"आणि तुमच्या वडिलांनी हे एका संध्याकाळी जमवलं?" मॅडम म्हणाल्या. "गुरुवारी साहेबांशी बोलणं आहे, ते नावापुरतं. माझ्याकडून होकार समजा. फक्त पहिलं काम लगेच करा. त्या सगळ्यांना परत जोडून घ्या. आपल्याला तेच लोक पाहिजेत."

मी अंगणात उभी होते. ओट्यावर सकाळचे कप अजून तसेच पालथे पडलेले होते.

"ते माझ्यानं होणार नाही, मॅडम," मी म्हणाले. "बाबांच्या शब्दावर ते आले होते आणि माझ्यासाठी उठून गेले. आता मी परत बोलावणं बरं नाही. आमच्याकडं ज्यानं उठवलं त्यानंच यावं लागतं. प्रत्येक दारात, उंबऱ्याबाहेर उभं राहून, तोंडानं सांगावं लागतं. फोनवर चालत नाही."

मग समीक्षा मॅडमनी विचारलं, "पुण्याहून मालेगावला गाडी किती वाजता असते?"